वत्सलाबायनं खोली रंगवली

बुधवारी सकाळी कमलाकांत तांडेलाचा आवाज असा चढला, की मुरबे गावातली आमची सगळी आळी दारात आली. बोईसरचा रंगारी मिथुन दोन दिवस खोली खरवडून गेला, तो परत फिरकलाच नाही. फोन केला की म्हणे, "चाचा, कल पक्का." असे चार 'कल' होऊन गेले. खोलीची कळा अशी, की खरूज झालेलं कुत्रं बरं दिसावं. आणि रविवारी पोरीकडची माणसं घर बघायला येणार. तांडेलाचा मुलगा अनुज तारापूरला कंपनीत लागलेला. त्याचं शिरगावच्या हेमालीशी जमत आलं होतं. जोडप्याला द्यायची खोली हीच.

"त्यांना आता काय दाखवू? माझं कपाळ?" तांडेल गरजला.

"मी करते," त्याची बायको वत्सलाबाय बोलली.

"तू? अगो, ती भिंत हाय, बोंबलाचा वाटा नाय!"

"चाळीस वर्सं कोयता धरलाय. पापलेटाचं पोट फाडताना हात हलत नाय माझा. भिंतीवर काय हलल?"

तांडेल खो खो हसला. वत्सलाबाय मात्र टोपली घेऊन बोईसरला गेली, मासळी विकली, आणि रंगाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या नोकराला तासभर पिडून सगळं विचारून आली. येताना लांबीची, म्हणजे भिंतीला भरायच्या पुट्टीची पिशवी, पत्र्याची पट्टी, पॉलिश पेपर आणि प्रायमर टोपलीत घालून आणलं.

मग आळीतले जाणकार जमले. ज्ञानेश कंपनीत हजेरीपटावर बसून रिटायर झालेला, तो म्हणाला, "काकी, आमच्या कंपनीत आधी प्रायमर, मगच लांबी." दुसरा म्हणाला, उलटं. तिसऱ्याने भिंतीवर टकटक करून मान हलवली. नांगर टाकलेल्या होडीवर सगळेच तांडेल, सगळेच कप्तान! स्टूल धरायला मात्र एकही पुढे झाला नाही. वत्सलाबायने त्यांना चहा पाजला आणि दार लावून घेतलं.

खाऱ्या वाऱ्याने भिंतीला लोणा, म्हणजे पांढरी खारट भुकटी, फुटलेला. तो तिने काथ्याच्या ब्रशने झाडून काढला आणि भिंत रात्रभर सुकू दिली. गुरुवारी लांबी लावायला बसली, आणि दुपारपर्यंत भिंतीवर नुसती टेंगळं. हात भरून आले. ती तशीच जमिनीवर बसली. या घरात ती नवरी होऊन आली, तेव्हा हीच खोली तिला मिळाली होती, अशीच पापुद्रे सुटलेली. 'पुढच्या वर्सी रंग लावू,' असं तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं. तीस वर्षं झाली.

ती उठली. लांबी ओली होती तोवर सगळी खरवडून टाकली. नवी जरा पातळ कालवली. पट्टी आडवी धरली, खवले काढताना कोयता धरतात तशी, आणि हलक्या हाताने ओढली. भिंत सपाट झाली. "अगो बाय!" असं ती स्वतःलाच बोलली.

शुक्रवारी पदर नाकाला बांधून घासलं, मग प्रायमर. छताजवळचं तेवढं अनुजने शिफ्टवरून आल्यावर केलं. शनिवारी तांडेल ओट्यावर पाय पसरून हुकूम सोडत होता, "निळा लाव, निळा! आपल्या होडीचा!"

"पोरांना त्यात झोपायचंय, मासे नाय पकडायचे," ती आतून बोलली, आणि हळदीच्या दुधासारखा पिवळा लावला. दुपारी समुद्रावरून रेती उडते म्हणून तिकडच्या खिडक्या बंद. खाली विटकरी पट्टा. त्यासाठी जाळ्याचा दोरा निळीत बुडवून खिळ्याला ताणला आणि सोडला. रेघ उमटली ती बाणासारखी सरळ.

रविवारी हेमालीला घेऊन तिचे वडील रामू तांडेल आले आणि खोलीत शिरले. भिंतीवरून हात फिरवला, खाली वाकून पट्टा पाहिला.

"कमलाकांत, रंगारी कुठला आणलास?"

वत्सलाबाय आत रावस तळत होती. कमलाकांतने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं आणि छाती फुगवली. "रंगारी कशाला? घरीच केलं. मीच. हिने थोडी मदत केली."

आत हेमाली पाणी घ्यायला आली. हळूच म्हणाली, "काकी, रेघ काय सरळ मारलीत!"

"मी मारली, हे तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या नखांनी." नखांत पिवळा अजून बसलेला होता. वत्सलाबाय हसली आणि रावसाचा मधला तुकडा तिच्या ताटात टाकला.

बाहेर रामू तांडेल खूश झाले होते. "झकास झालं! लगीन आमच्या दारात हाय. आमचा रंगारीपण पळालाय. कमलाकांत, आता तूच ये मंगळवारी. घरचा माणूस तो घरचा."

कमलाकांतचा चेहरा बर्फातल्या मुशी माशासारखा झाला. "मंगळवारी... मला जरा बंदरावर..."

"नाय नाय," वत्सलाबाय तव्यावरचा हात न थांबवता बोलली, "मंगळवारी मोकळेच हायत ते. कवा पाठवू सांगा."

सोमवारी पहाटे मी त्यांच्या मागच्या दारावरून जात होतो. मोरीच्या भिंतीपुढे कमलाकांत तांडेल हातात पट्टी धरून घामाघूम उभा. भिंतीवर डोंगर नि दऱ्या. वत्सलाबाय टोपलीसाठी डोक्यावर चुंबळ बसवत होती, बाजाराला निघालेली.

"पुसा," ती बोलली. "परत लावा."

तांडेलाने मुकाट पुसलं.