घोरण्यावरची कवळी

मी कवळी बोलतेय, पण दात पडलेल्या माणसाची नाही. हे आधी सांगावं लागतं. नागपूरच्या मनीषनगरात गिरिधरच्या घरी जो येई तो मला पाहून विचारी, "एवढ्या लवकर दात गेले का गा?" गिरिधरचे बत्तीसही दात जागेवर आहेत. मी त्याच्या झोपेसाठी केलेली आहे.

गिरिधर बुटीबोरीच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवतो. सकाळी छत्तीस माणसं नेतो, दुपारी चारला परत आणतो. मधल्या वेळात ड्रायव्हर लोकांच्या खोलीत सतरंजी टाकून झोपतो. घोरणं असं की खोलीतले बाकीचे बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसत. लोक म्हणत, मेहनतीचा माणूस आहे, गाढ झोप लागते. त्याच्या बायकोला, शामलाला, मात्र ठाऊक होतं की घोरणं मधेच बंद पडतं, श्वासही बंद पडतो आणि मग हिसका बसून सुरू होतो. ती त्याच्या नाकाखाली बोट धरून पाही. सकाळी तो म्हणे, "मस्त झोपलो ना." आणि गाडीवर बसला की जांभया. जांभई आली की गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. डोळे उघडे ठेवायचं त्याचं तेच औषध.

शेवटी शामलाने त्याला झोपेच्या तपासणीला नेलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा. तासाला बावीस वेळा श्वास अडतो, असं निघालं. आधी नाकावर मास्क लावायचं मशीन दिलं होतं. ते तो झोपेतच ओढून काढी. मग त्या डॉक्टरांनी त्याला सदरला, दातांच्या डॉक्टर मिनलबाईंकडे पाठवलं. तिथे माझा जन्म झाला.

जन्म सोपा नव्हता. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत. गिरिधरच्या तोंडात अडीचच गेली.

"खर्रा किती वर्षांपासून?" बाईंनी विचारलं.

"असन पंधरा."

"साचा घेताना मलाच घाम फुटला. खर्र्याने तोंड आवळत जातं. तो बंद करा, नाहीतर उद्या पोळीचा घास जाणार नाही."

वरच्या दातांवर एक खोळ, खालच्यांवर एक, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू, अशी मी आहे. झोपेत खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवायचा, म्हणजे जीभ मागे पडत नाही आणि श्वासाची वाट उघडी राहते. एवढंच माझं काम. बाईंनी बजावलं होतं: थंड पाण्यात मऊ ब्रशने धुवायची, गरम पाणी लावायचं नाही. गिरिधरने घरी त्यातला ब्रश तेवढा सांगितला.

पहिले काही दिवस लाळ गळली, सकाळी जबडा दुखला. मग घरात शांतता आली. त्या शांततेने शामलाचीच झोप उडाली; इतकी वर्षं ती आवाजाच्या भरवशावर होती. पुन्हा तपासणी केली तेव्हा बावीसचे सहा झाले होते. खर्राही पाच पुड्यांवरून एकीवर आला. दुपारच्या झोपेसाठी मी डबीत बसून त्याच्या पिशवीतून बुटीबोरीलाही जाऊ लागले.

मग काटोलहून त्याचे थोरले भाऊ मारोतराव मुक्कामाला आले. तेही घोरणारेच.

"एक दिवस मले दे ना गा," ते म्हणाले. "पेपर वाचायले तुहा चष्मा नाही का लावत मी?"

"दादा, ते माह्या दातांच्या मापाचं आहे."

"अन् आपण काय अलग आहो? एकाच मायचे ना."

थोरल्या भावाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. गिरिधरने डबी काढून शामलाकडे दिली. शामलाला वेगळाच प्रश्न पडला. नवऱ्याच्या तोंडातलं उष्टं मोठ्या दिरांना कसं द्यायचं? तिने गॅसवर गंजात पाणी ठेवलं आणि मला दहा मिनिटं उकळलं, बाळाची बाटली उकळतात तसं. मला दुखत नाही. फक्त आकार जातो.

मारोतरावांनी मला पाच मिनिटांत काढलं. "हे तं बैलाची मुसकी आहे बावा," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गावी गेले.

त्यानंतर मी गिरिधरला बसेना. त्याने दाबून पाहिलं, हिरडीतून रक्त आलं. त्याला वाटलं, दादाच्या जबड्याने माप बिघडलं; बोललो तर दादाला बोल लागेल. शामलाला खरं कारण कळलं होतं. बोलली तर तिला बोल लागणार होता. दोघंही गप्प, आणि मी डबीत. घोरणं परत आलं, खर्राही आला.

बाराव्या दिवशी सकाळी वर्धा रोडवर बस भरलेली होती. पिशवी ड्रायव्हरच्या सीटमागे टांगलेली, मी पिशवीत. एकाएकी चाक रस्त्याकडेच्या मुरमावर घासलं आणि पिशवी दाणकन पत्र्यावर आदळली. पुढच्या सीटवरची रितिका म्हणाली, "काका, झोपून राहिले का तुम्ही?"

गिरिधरने बस कडेला घेतली, बंद केली, चावी काढली. "दुसरा ड्रायव्हर बोलावतो. मी नाही चालवत आज."

"दहा मिनिटाचा रस्ता राहिला ना गा," मागून कोणी म्हणालं. "अर्धी हाजरी जाईन आमची."

"गेली तं माह्या नावानं बोंबला. डोळे लागले होते माहे."

दुसरा ड्रायव्हर यायला चाळीस मिनिटं लागली. गिरिधरने सुपरवायझरला सगळं खरं सांगितलं आणि चावी दिली. बस परत मिळेल की नाही, हे सुपरवायझरने सांगितलं नाही. तोवर स्टोअरमध्ये माल मोजायचा.

घरी येऊन त्याने मला शामलापुढे ठेवलं. "दादानं घातली तवापासून बसत नाही."

"भाऊजींचं काही नाही. मी उकळली."

"काहून नाही सांगितलं वं?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलं, बसत नाही म्हणून?"

त्याने मला उचलून डबीत ठेवलं, सदरला न्यायला.

मिनलबाईंनी मला प्लास्टरच्या साच्यावर ठेवून पाहिलं; नख जाईल एवढी फट होती. नवीन कवळी झाली, तिच्यासह पुन्हा तपासणी झाली. श्वास अडणं तासाला पाचवर आलं. बाईंनी सुपरवायझरसाठी तसं लिहून दिलं. गिरिधरने तो कागद खिशात ठेवला आणि तिथूनच काटोलला फोन लावला.

"दादा, नवीन झाली. पण तुले नाही देत. ते देता येतच नाही. तू नागपूरले ये, तुही झोप तपासू."

मारोतराव म्हणाले, "सोमवारी येतो."

मी आता बाईंच्या खणात असते. नव्या पेशंटला दाखवायला त्या मला बाहेर काढतात. माझं मागणं एवढंच: घरात कोणी घोरत असेल तर थट्टा करून झोपून जाऊ नका. आवाज थांबला की श्वास चालू आहे का, तेवढं पाहा. थांबत असेल तर त्याला उठवून डॉक्टरकडे न्या, तो कितीही म्हणो की मस्त झोपलो.

तो कागद नेल्यावर चार दिवसांनी गिरिधरचा फोन आला. बाई खण उघडा ठेवूनच बोलत होत्या, म्हणून मला ऐकू आलं. मागे इंजिन चालू होतं, माणसं चढत होती. तो म्हणाला, "बाई, आता ठेवतो. गाडी भरली."