लाल कुलपाची दुसरी किल्ली

‘लाल कुलूप घातलं, किल्ली ठेविली उराशी,
जीव माझा सांजवेळी माझ्या लेकीच्या गं पाशी…’

दाजींचा तो आवाज. लगद्याच्या टाक्यात उतरण्याआधी ते मेन स्विच पाडायचे, कुणी मशीन सुरू करू नये म्हणून त्यात आपलं लाल कुलूप अडकवायचे, किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधायचे. हे सगळं होईपर्यंत तोंडात ही ओवी. ऐकणारे हसायचे. ‘कुलपाला अंगाई गातोय बघा!’

आता दाजी नव्हते. दीड वर्ष झालं. आणि त्यांचा मेहुणा, त्याच कागद कारखान्याचा सुपरवायझर, प्रशिक्षणाच्या खोलीत मागच्या बाकावर बसला होता. पुढे शिकवणाऱ्या बाई फळ्यावर टाक्याचं चित्र काढत होत्या. पाती, जिना, स्विच.

“कामगार पात्यांत अडकलेली दोरी काढायला आत उतरला,” बाई म्हणाल्या. “कुलूप लावायला विसरला. बाहेरून कुणीतरी मशीन सुरू केलं. तुमच्याच कारखान्यात घडलंय हे. चूक कुणाची?”

“विसरणाऱ्याची,” पुढचा एकजण म्हणाला.

“बरं. एकाच्या कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे असते?”

अकरा सुपरवायझर आपापल्या बुटांकडे बघत राहिले. प्रत्येकाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता.

“अहो बाई, लोक कुलूप लावतात नि खुशाल चहाला जातात,” शेवटी एक पोट सावरत म्हणाला. “मग आम्ही काय मशीनची आरती ओवाळत बसायचं?”

खोली खदखदून हसली. मागच्या बाकावरचा तो हसला नाही. त्या दिवशी त्यालाही असंच वाटलं होतं. दाजी दोनदा कुलूप तसंच ठेवून जेवायला गेले होते, ही तिसरी खेप असणार. वरून साहेबांचे फोनवर फोन. टाक्यात डोकावायला सहा पायऱ्या चढाव्या लागत. तो चढला नाही. जुडग्यातली दुसरी किल्ली काढली, कुलूप उघडून खिशात टाकलं, स्विच वर केला आणि बटण दाबलं.

चौकशीत कुलूप सापडलं नाही. किल्ली दाजींच्या गळ्यात होती. ‘लावायला विसरला,’ असं कागदावर आलं. त्याखाली त्याची सही होती.

चहाची वेळ झाली. किटली घेऊन ताई आत आली. दाजी गेल्यावर तिला इथल्याच कँटीनमध्ये लावून घेतलं होतं. तिची नजर फळ्यावर गेली. पाती, जिना, स्विच. खाली ठळक अक्षरांत: कुलूप विसरू नका.

ती क्षणभर थांबली. मग एकेक कप भरत मागच्या बाकापर्यंत आली. सगळे बाहेर पांगले होते, बाई फळा पुसत होत्या.

“घे रे बाळ. गार होईल.”

त्यानं कप घेतला. चहा बशीत सांडला.

“शिकवा बाई, नीट शिकवा,” ती फळ्याकडे बघत म्हणाली. “आमच्याकडचा शहाणा किल्ली गळ्यात मिरवायचा नि कुलूपच लावलं नाही. पोरीचंही नाव घ्यायचा ओवीत. पोरगी विचारते, बाबा मला विसरले का गं? काय सांगू? फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय मी. तोंडच बघवत नाही त्याचं.”

“ताई…”

“मी रडलेसुद्धा नाही रे नीट. रागच येतो नुसता. मेलेल्या माणसाचा राग करत जगायचं म्हणजे…” तिनं पदरानं किटलीचं तोंड पुसलं. तिथं पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच्या डब्याच्या पिशवीत, अगदी तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं ते होतं. दीड वर्ष रोज कामावर यायचं, रोज घरी जायचं. फेकायला नदीवर तीनदा गेला होता. तिन्ही वेळा ते परत आणलं होतं.

त्यानं ते बाहेर काढलं. लाल रंग कडेला उडालेला. बाकावर ठेवलं.

ताईनं ओळखलं. दाजींनी त्यावर खिळ्यानं लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं. बाईंचा हात फळ्यावर थांबला.

“हे… हे तुझ्याकडे कसं?”

“त्यांनी लावलं होतं, ताई,” तो म्हणाला. “मी काढलं.”