दहावरून दोनवर

मी एक ॲम्प्लिफायर बोलतोय. म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं. आयुष्यभर दुसऱ्याचं म्हणणं मोठ्यानं सांगत आलो. आज जरा माझंही ऐका, कारण या नव्या अल्बमपायी माझं डोकं पार उठलंय.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं मला दुकानामागच्या खोलीत बनवलं. अंगाला जुन्या कपाटाची फळी, पोटात काचेचे चार व्हॉल्व्ह, समोर आवाजाचं बटण, शून्य ते दहा. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा शेजारचा शिंपी धावत आला. "अहो, काय पडलं?"

"पडलं नाही," कारागीर खुशीत म्हणाला, "उभं राहिलं!"

मला घेतलं ते विशीतल्या एका गायकानं. गाण्याच्या शेवटी तो अशी काही आरोळी ठोकायचा की त्याचं नावच डरकाळी पडलं. त्यानं माझं बटण दहावर नेलं आणि ते वीस वर्षं तिथून हललं नाही. ड्रम बडवायला ढमाल्या नावाचा त्याचा मित्र. आम्ही वाजवलं की सभागृहाच्या खिडक्या थरथरायच्या. मला त्याचा केवढा गर्व होता!

मग एका कार्यक्रमात त्याचा आवाज मध्येच तुटला. घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "बोला, हळू गा. पण ओरडलात, तर पुढच्या वेळी माझ्याही हातात काही नसेल."

घरी येऊन त्यानं माझी वायर गुंडाळली आणि मला गॅलरीत ठेवलं. अकरा वर्षं! डोक्यावर धुण्याची पावडर, चिमट्यांची टोपली, एकदा तर ओलं पायपुसणं. त्याची मुलगी दातांची डॉक्टर. ती दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणायची, "बाबा, हे खोकं काढा ना आता."

"असू दे गं," एवढंच तो म्हणायचा.

एकदा कपड्यांच्या घड्या घालताना तो खालच्या पट्टीत गुणगुणत होता. मुलीनं ते गुपचूप फोनवर टिपलं आणि आपल्या एका पेशंटला ऐकवलं. पेशंट निघाला नावाजलेला संगीत संयोजक. झालं! डरकाळीचा नवा अल्बम ठरला.

मीही स्टुडिओत गेलो. मला वाटलं, आता खिडक्या थरथरणार. कसल्या खिडक्या! भिंतींना गाद्या, बारा व्हायोलिनवाले, मागे 'ऊ ऊ' करणाऱ्या तिघी बायका. आणि तो संयोजक! "रेशीम हवं मला, रेशीम," हे त्याचं पालुपद. 'परत ये' या दोन शब्दांसाठी त्यानं माझ्या माणसाला त्रेचाळीस वेळा गायला लावलं.

"आणखी एकदा. या वेळी श्वास ऐकू आला."

"अहो, श्वासही घेऊ नको का?"

मी कोपऱ्यात, डोक्यावर कॉफीचे कप. शेवटी एका गाण्यात गिटार घ्यायची ठरली. मला चालू करताच संयोजकानं नाक मुरडलं. "हा घूं घूं करतोय."

"माझ्यासारखाच जुना झालाय तो," डरकाळी हसला.

तरी मला उचलून बाथरूममध्ये ठेवलं, दार लावलं, बटण दोनवर. बेसिनशेजारी बसून मी मोजून अकरा सूर वाजवले. अल्बममध्ये ते कसे आले? कडक इस्त्री करून. माझे मलाच ओळखू येईनात.

अल्बम तयार झाल्यावर ढमाल्या घरी ऐकायला आला. दोन गाणी कशीबशी ऐकली. "हे काय रे? दवाखान्यात नंबर येईपर्यंत लावतात तसलं!"

"मी लावणारच आहे माझ्या दवाखान्यात," मुलगी फणकारली.

ढमाल्या ऐकेना. "सगळं गुळगुळीत. यात तू कुठे आहेस?"

शाब्बास, मी मनात म्हणालो. अगदी माझ्या मनातलं बोललास.

डरकाळीनं गाणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना त्यानं मला दहावर लावलं आणि जुनं गाणं सुरू केलं. मी आनंदानं गर्जलो. शेवटची आरोळी आली, आणि तिच्या जागी नुसती हवा. तो गळा धरून जमिनीवर बसला.

शेजाऱ्यांनी फोन केला तशी मुलगी दवाखान्यातून धावत आली. टॉर्च लावून ती घसा बघू लागली. "कशासाठी, बाबा? कोणाला दाखवायचं होतं?"

त्यानं औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं, 'मी कुठे आहे ते बघत होतो.'

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. वीस वर्षं मी दहावर होतो. माझ्या आवाजापुढे ऐकू जायला त्याला ओरडावं लागत होतं. आणि मी मात्र सगळा राग त्या रेशीमवाल्यावर काढत बसलो होतो.

सहा आठवडे तो मुका होता. मग आवाज आला, आधीहून बारीक, पण आला.

आता त्या अल्बमचे कार्यक्रम होतात. मी रंगमंचावर मागे असतो, दोनवर. मुलीनं बटणावर चिकटपट्टी मारलीय. अल्बम मला अजूनही आवडत नाही, खोटं कशाला सांगू? त्या 'ऊ ऊ'नं माझे व्हॉल्व्ह आंबतात. पण परवा 'परत ये' म्हणताना त्याचा श्वास मला मागे ऐकू आला, अन् मी घूं करायचा थांबलो.

तुम्ही कार्यक्रमाला आलात तर एवढं करा. लोक मागून जुन्या गाण्यासाठी ओरडतात, तुम्ही ओरडू नका. त्याला नाही म्हणता येत नाही. तो हसेल, "बरं" म्हणेल आणि चिकटपट्टी काढायला माझ्याकडे वळेल. त्याचा हात धरायला मला हात नाहीत.