रस्त्यावरची रेंज

ऑफिसात त्याला सगळे रेंजवाला म्हणत. गाडीत चार फोन लावायचे, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि गावोगाव हिंडायचं. फोन आपोआप कॉल लावतात. लागला की नकाशावर हिरवी रेघ, तुटला की लाल. शहर बहुतेक हिरवं, खेडी बहुतेक लाल.

ताईचं गाव मात्र हिरवं होतं, त्यानंच मोजलेलं. त्यामुळे "घरात फोन लागत नाही रे," असं ताई म्हणाली की तो तिची टर उडवायचा. "फोन करायचा कंटाळा तुला, आणि दोष रेंजला! नाचता येईना अंगण वाकडं." ताई हसून सोडून द्यायची.

मागच्या महिन्यात ताई गेली. घरात एकटी असताना छातीत कळ आली. दाजींना ती घरापासून रस्त्यावर येणाऱ्या चढावर सापडली, हातात फोन. रेंजवाला तेव्हा रडला नाही. दाढ बधिर केल्यावर जीभ लावून पाहावी, तसा तो अधूनमधून स्वतःला चाचपून पाही. काहीच लागत नसे.

आज फेरतपासणीला तोच रस्ता आला. रेघ पुन्हा हिरवी. त्यानं साहेबांना फोन लावला.

"साहेब, खाली घरांत रेंज नाही म्हणतात. टॉवर हवा इथं."

"म्हणणारे काहीही म्हणतील. घरं मोजतो का आपण? गाडी जिथं जाते तेवढंच धरायचं."

त्यानं फोन ठेवला. "गाडी खाली घे," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"अहो, ही पायवाट आहे!"

"गाडी जाते ना? मग रस्ता."

ड्रायव्हरनं पुटपुटत गाडी खाली उतरवली. ताईच्या दारापर्यंत रेघ लालभडक. आता हे गाव हिरवं म्हणायची कुणाची टाप नव्हती. टॉवर येईल, असं त्याला वाटलं. आनंद काही झाला नाही.

दाजींना गाडीत घेऊन ते परत चढू लागले. कॉल लागत नव्हता. चढ संपत आला तशी दाजींनी काच खाली केली.

"इथं पडली होती."

रेघ लालच होती. गाडी आपल्याच लांबीएवढी पुढे सरकली आणि कॉल लागला. त्यानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

"काय झालं? गाडी का थांबवलीस?" दाजींनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ताईचं थोडक्यात राहिलं."