दिवेलागणीला पडणारा काटा

इंदरमल शेठजींच्या रेडिओचा रोज दिवेलागणीला घसा बसायचा. दिवसभर खणखणीत बोलणारा तो रेडिओ नेमका तेव्हा पुटपुटायला लागे, आणि तळोद्याच्या पेठेतल्या त्या शेवटच्या घरात मग कुणाचाच आवाज उरत नसे. पत्नी तारादेवी गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. पोरबाळ नव्हतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक असे, पण संध्याकाळ खायला उठायची.

रेडिओ मूळचा बॅटरीवरचा. बॅटरी वेळेवर मिळेना, म्हणून शेठजींनी मुंबईहून सुटे भाग मागवून घरच्या विजेवर तो चालवणारी पेटी स्वतः जोडली. बटण फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचं, काट्यावर बघायचं. कापडवाल्याला हे कुठले भिकेचे डोहाळे, म्हणून पेठ हसली. पेटी चालली तेव्हा हसू थांबलं. पण संध्याकाळी काटा पडायचाच, बटण पार शेवटापर्यंत पिळलं तरी.

शेठजींनी दोष आपल्याच हातात शोधला. सोल्डरचे सांधे पुन्हा तापवले, कंडेन्सर बदलला, रेक्टिफायर बदलला. दुपारी सगळं ठीक, संध्याकाळी पुन्हा रडगाणं. परसाकडच्या खिडकीशी पेटी ओढून, उरल्यासुरल्या उजेडात ते काटा बघत बसत. तारादेवींच्या घरात सूर्य मावळल्यावर दिवा लागत नसे, पाखरं जळून मरतात म्हणून. उजेड असतानाच त्या जेवायला हाक मारायच्या, दिवस मावळतोय म्हणून, "दिन आथमै है, जीम ल्यो." आता हाक नव्हती, पण नेम शेठजींनी मोडला नव्हता.

एकदा समोरच्या मंगलाबाई दारातून डोकावल्या. "शेठ, आख्खा गावना दिवा लाग्नात, तुम्हना घरमाज अंधार शे. बरं शे ना?"

शेठजी ओट्यावर आले. गल्लीत घरोघरी बल्ब लागले होते. ते बघत उभे राहिले आणि मग स्वतःलाच हसले. सगळं गाव एकाच वेळी त्याच तारेतून वीज ओढत होतं म्हणून व्होल्टेज पडत होतं, आणि हे शहाणे आपल्याच पेटीची हाडं मोजत बसले होते. स्वतःच्या घरात दिवा लागत असता तर तो मंदावलेला बघून पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या, व्होल्टेज वाढवून देणाऱ्या दोन जादा तारा बिनकामाच्या लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या एका फिरत्या स्विचला जोडल्या. संध्याकाळी काटा पडू लागला तसा स्विच एक खाच पुढे नेला. काटा वर आला. रेडिओ मोकळ्या गळ्यानं बोलत राहिला.

शेठजी खूश होऊन बसले. बातम्या झाल्या, भजन लागलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपला कान रेडिओकडे नाहीच, स्वयंपाकघराकडे आहे. आवाज टिकला की संध्याकाळ निघेल असं त्यांना वाटत होतं. आवाज टिकला होता. घर मात्र तेवढंच रिकामं होतं, आणि आता दोष काढायला पेटीसुद्धा उरली नव्हती.

बऱ्याच वेळानं ते उठले. खुंटीवरचं तारादेवींचं पाणी गाळायचं कापड काढलं, तारेच्या टोपलीवर ताणून ती बल्बभोवती बांधली आणि दिवा लावला. एक पाखरू आलं, कापडावर बसलं, जळलं नाही. काटा किंचित खाली आला. स्विचकडे गेलेला हात शेठजींनी मागे घेतला आणि पुढचं दार उघडलं.

समोरच्या ओट्यावरून मंगलाबाई आत कुणाला तरी सांगत होत्या, "शेठना घरमा दिवा लाग्ना."

शेठजींनी रेडिओ बारीक केला.