साखळी उपवास

ताईचं पोटातल्या गाठीचं ऑपरेशन शनिवारी ठरलं आणि भावोजींनी ताबडतोब तक्ता केला. कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावण्यात त्यांची बावीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे संकट आलं की ते आधी आखायची पट्टी शोधतात. आमच्या चर्चच्या मंडळीत साखळी उपवासाची पद्धत आहे. आजारी माणसासाठी दररोज एकानं फक्त पाण्यावर राहायचं, प्रार्थना करायची आणि दुसऱ्या दिवशी पुढच्याकडे सोपवायचं. सोमवार ते शनिवार, सहा रकाने; शेवटचा भावोजींचा स्वतःचा. खाली सूचना. त्यातली चौथी लाल शाईत होती: कोणत्याही कारणाने साखळी तुटता कामा नये.

माझं नाव तक्त्यात नव्हतं. त्या आठवड्यात ऑफिसात तपासणी आहे, असं मी सांगितलं होतं. तपासणी मंगळवारीच संपली, पण तक्ता शाईनं लिहिला होता.

सोमवार, मंगळवार सुरळीत गेले. बुधवार आमच्या प्लंबरचा. गुरुवारच्या खजिनदारबाईंना ऐनवेळी पित्त झालं आणि शुक्रवारच्या मास्तरांना एका लग्नाच्या जेवणाचं आमंत्रण आलं. जेवण टाळणं यजमानांना अपमानकारक वाटलं असतं, असं मास्तरांचं प्रामाणिक मत. दोघांनीही आपापली पाळी प्लंबरच्या गळ्यात घातली. त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणूनच निम्म्या मंडळीचे नळ फुकट दुरुस्त झालेत. भावोजींनी दोन्ही बदलांना मंजुरी दिली. तीन रकान्यांत एकच माणूस उपाशी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण रकाना रिकामा राहू नये एवढंच ते बघत होते.

शनिवारी बारा वाजून दहा मिनिटांनी सर्जनबाई थिएटरबाहेर आल्या. मास्क खाली ओढला होता.

"रक्तस्राव अपेक्षेपेक्षा जास्त आहे. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या होत्या, दोन्ही लागल्या. अजून एक तरी हवी. शेजारच्या शहरातून निघालीय, पण तीन तास लागतील."

"आणि तुम्ही किती वेळ..." भावोजींनी विचारलं.

"दोन तास. त्यापुढचं मी सांगू शकत नाही." त्या आत गेल्या.

मंडळीच्या नोंदवहीत रक्तगटाचा रकाना आहे. तोही भावोजींनीच आखलेला. इतकी वर्षं आम्ही त्यावरून त्यांची टिंगल केली. त्यांनी मोबाइलमध्ये यादी उघडली. ओ निगेटिव्ह दोघं. एक कॉलेजची मुलगी, परीक्षेसाठी परगावी गेलेली. दुसरा प्लंबर.

तो वीस मिनिटांत हजर झाला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, खिशात पाना. "एका बाईंच्या मोरीत होतो," म्हणाला, "कुठं झोपू सांगा."

रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि रक्तदाब घेतला. मग पुन्हा घेतला.

"शेवटचं जेवलात कधी?"

"मंगळवारी रात्री."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही, मॅडम. वहिनींसाठी उपवास चालू आहे ना."

बाईंनी पट्टा सोडला. "यांचं रक्त काढलं तर हेच आडवे होतील. आत्ता खायला घाला, सरबत पाजा. अर्ध्या तासानं बघते. नंतरच्या तपासण्यांना पाऊण तास जाणार, तेव्हा उशीर करू नका."

मी जिना उतरून कँटीनकडे धावलो. केळी, ब्रेड, बिस्किटांचे दोन पुडे, सरबताच्या बाटल्या, हाताला लागेल ते उचललं. परत आलो तर प्लंबर बाकावर मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हात मांडीखाली.

"मला नाही खाता येणार," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी देवाला शब्द दिलाय. वहिनी थिएटरमधून बाहेर येईपर्यंत अन्नाचा कण घेणार नाही. रक्त तसंच काढा. मला काही होत नाही."

"अहो, त्या घेणार नाहीत तसंच! खा की!"

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही तक्त्यात तरी होतात का?"

हे खरं होतं, म्हणून मी भावोजींकडे वळलो. त्यांनी नुसतं 'खा' म्हटलं असतं तर विषय संपला असता. प्लंबर त्यांचा शब्द खाली पडू देत नाही. पण भावोजी भिंतीला टेकून उभे होते. पहाटेपासून तेही पाण्यावर, ओठ पांढरेफटक.

"ब्रदर, तुम्हीच सांगा यांना," प्लंबर म्हणाला. "साखळी तुटता कामा नये, तुम्हीच लिहिलंत. लाइनीत एका सांध्याला गळती लागली की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. आणि आत्ता, ऐन ऑपरेशन चालू असताना तोडायची?"

बारा बेचाळीस.

"भावोजी, बोला काहीतरी."

"माझ्या तोंडून निघत नाहीये," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "आठवडाभर हेच तर धरून ठेवलंय मी. हे सोडायला सांगितलं आणि तिला काही झालं तर? जन्मभर मला वाटत राहणार, मीच सोडलं म्हणून."

"आणि नाही सांगितलं तर काय होणार, ते डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं."

"कळतंय रे मला!" ते एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं पिशवी छातीशी धरली. "कळतंय. मी देवाजवळ मागितलं काय होतं? रक्त लागलं तर मिळू दे. रोज मागितलं. मिळालं. हा बघ समोर बसलाय, चालत आलाय. आणि मी त्याला उपाशी ठेवलाय. माझ्या हातानं." ते मटकन खाली बसले. "मला वाटत होतं, मी देवाला धरून बसलोय. मी तक्ता धरून बसलोय रे."

मी केळ्यांचा घड बाकावर ठेवला.

भावोजींनी पुढे होऊन घडातलं एक केळं तोडलं. सोलताना अर्धं जमिनीवर पडलं. उरलेलं त्यांनी तोंडात घातलं. चावलं. गिळवेना. विष खायला घातल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. थिएटरच्या दाराकडे बघत शेवटी त्यांनी तो घास खाली ढकलला.

"तुटली साखळी," ते म्हणाले. "मी तोडली. तू जे केलंस ते देवापर्यंत पोचलंय, त्याची काळजी करू नकोस. आता खा."

"पण वहिनींना..."

"तिला माझा उपवास सांभाळत नव्हता. देव सांभाळत होता. आताही तोच सांभाळेल. नाहीतर..." त्यांनी दुसरं केळं सोलून प्लंबरच्या हातात दिलं.

प्लंबरनं डोळे मिटले, ओठ हलले, आणि मग तो खाऊ लागला. तीन दिवसांची भूक असलेला माणूस सावकाश खात असताना बघत बसणं फार अवघड असतं. "हळू, एकदम नको," असं सिस्टर दर दोन मिनिटांनी येऊन बजावत होती आणि मी मनातल्या मनात तिचा गळा दाबत होतो.

एक वीसला रक्तदाब घेतला. बाईंनी मान हलवली. "अजून कमी आहे. दहा मिनिटं."

त्या दहा मिनिटांत थिएटरमधून एक वॉर्डबॉय धावत बाहेर आला, कपाटातून काहीतरी घेऊन धावतच आत गेला.

एक तीसला बाई म्हणाल्या, "चला. काठावर आहे, पण घेते."

पिशवी भरायला नऊ मिनिटं लागली. मग तपासण्या. दोन वाजून वीस मिनिटांनी निळा डबा आमच्यासमोरून आत गेला. सर्जनबाईंचे दोन तास संपून दहा मिनिटं झाली होती. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही घड्याळाकडे बघायचं टाळत होतो.

तीनला पाच कमी असताना दार उघडलं. सर्जनबाईंनी मास्क काढूनच टाकला होता.

"थांबलाय रक्तस्राव. ती पिशवी वेळेत पोचली. अजून चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल, धोका टळला असं मी म्हणणार नाही. पण आत्ता पेशंट ठीक आहे."

भावोजींनी तिथेच, कॉरिडॉरमध्ये, गुडघे टेकून हात जोडले. रविवारी त्यांची प्रार्थना वीस मिनिटांच्या आत आवरत नाही. लोक चपला शोधायला लागतात. आज ते "बापा" म्हणाले आणि तिथेच अडकले. खांदे हलत राहिले.

प्लंबरनं बराच वेळ वाट पाहिली. मग दंडावरचा कापूस दाबून धरत त्यानंच म्हटलं, "आमेन."

आतून सिस्टरची हाक आली, "पेशंटचे मिस्टर कोण? दोन मिनिटं भेटून घ्या."

भावोजी उठले आणि आत गेले.