तळघरातले साप

थोराने भावाच्या जुन्या घरापुढे गाडी थांबवली तेव्हा नवा मालक डॅरल फावडं धूत होता. कुंपणाच्या तारेवर मेलेले साप ओळीने लटकत होते. ते बघून तिचं डोकंच फिरलं.

"हे काय केलंस रे?"

"तळघरात वळवळत होते. विषारी! बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेलीय."

"विषारी म्हणे! डोळे आहेत ना तुला?" तिने तारेवरचा एक ओढून त्याच्या नाकासमोर धरला. "पाठीवर तीन पिवळे पट्टे. डोळ्याची बाहुली गोल. शेपटीला रॅटलस्नेकसारखा खुळखुळा नाही. बिनविषारी गार्टर साप आहेत हे! मॅनिटोबात राहायला आलास, कुणाला विचारावंसंही वाटलं नाही?"

"मी शहरातला माणूस. मला काय कळणार?"

"कळत नाही त्याने फावडं उचलू नये!"

पायरीखालून एक जिवंत साप सरपटत निघाला होता. थोराने तो उचलला. त्याने तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला, वर हातभर घाण वासाचा चिकट द्रव सोडला.

"बघ. मेले का मी?"

डॅरल दोन पावलं मागे सरला. "पण हे घरात येतात कुठून?"

"उत्तरेच्या भिंतीतल्या फटीतून. घराच्या पायाखाली चुनखडीची कपार आहे, थंडीभर तिथेच असतात. माझा भाऊ दर मे महिन्यात बादलीत भरून बाहेर—"

ती थबकली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," डॅरल सावकाश म्हणाला. "नोव्हेंबरात घर दाखवताना तळघरात उभं राहून म्हणालात, कोरडं ठणठणीत आहे, घेऊन टाक. तेव्हा हे खालीच होते?"

"होते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर घर घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं!" फावडं त्याने आपटलं. "माझी पाच वर्षांची पोर त्या जिन्यावर किंचाळत उभी होती, बाई. आणि तुम्ही मला शिकवायला आलात?"

थोराला संताप आवरेना, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. ती गाडीतून दोन बादल्या घेऊन तळघरात उतरली. भिंतीशी तीस-चाळीस साप गुंतून पडले होते. काही वेळाने डॅरलही हातमोजे चढवून खाली आला.

"मानेला नको धरूस. पोटाखाली हात घाल, अलगद."

त्याने तसंच केलं. चार खेपांत सगळे पाणथळीकडे सोडले.

"फट जुलैत बुजव," ती म्हणाली. "आत्ता बुजवलीस तर कपारीत अजून उरलेले कोंडून मरतील."

"तुम्हीच या बुजवायला."

"येईन."

त्याने खिशातून फोन काढला, बायकोचा नंबर लावला आणि थोरापुढे धरला.

"आता तिला सांगा. मला जे सांगितलं नाहीत, ते आधी."

थोराने फोन कानाला लावला.